डॉक्टरणीच्या आईची दाढ

निपाणीच्या त्या वस्तीत सोनुबाई मधाळे कोण, असं विचारलं तर माणसं क्षणभर घुटमळायची. पण 'उपासना डॉक्टरची आई' म्हटलं की पोरंटोरंसुद्धा घर दाखवायला पुढं व्हायची. सोनुबाईची अर्धी हयात तंबाखूच्या वखारीत गेली होती. दिवसभर पाला झाडायचा, काड्या निवडायच्या, नाकातोंडात धूळ. त्या धुळीतनं खोकत खोकतच ती शेजारच्या बाईला सांगायची, "माझी उपासना दातांची डॉक्टर हुनार हाय." सुरुवातीला बायका हसायच्या. पुढं पोरीनं खरंच बेळगावच्या कॉलेजात नंबर लावला तेव्हा त्याच बायकांनी वखारीत पेढे वाटले. आता उपासनाचा बेळगावात, खासबागेत दवाखाना होता. सोनुबाईनं वखार केव्हाच सोडली होती, नवरा देवाप्पा एसटी डेपोतनं रिटायर होऊन घरी बसला होता. दोघांचं बरं चाललं होतं.

वखार सुटली, पण मिश्री सुटली नव्हती.

वखारीतल्या बहुतेक बायका मिश्री लावायच्या. तव्यावर तंबाखू भाजायचा, कुटायचा, ती काळी पूड बोटानं हिरड्यांना चोळायची, की सकाळची भूक मरायची आणि हात चालायला लागायचे. उपासना कॉलेजात असताना एकदा सुट्टीला आली, ती मोबाईलवर फोटो घेऊनच. कुणाचा गाल आतनं सडलेला, कुणाची जीभ पांढरी पडलेली. आईला शेजारी बसवून तिनं एकेक फोटो दाखवला आणि म्हणाली, "आई, तू आजपास्नं मिश्री सोडायची. माझ्या डोक्यावर हात ठेव." सोनुबाईनं हात ठेवला. आठवडाभर पाळलंही. मग डोकं चढलं, पोट साफ होईना, चिडचिड व्हायला लागली, आणि एका सकाळी न्हाणीत दार लावून तिनं पुन्हा बोट फिरवलं. तेव्हापासनं ती रोज दार लावूनच मिश्री लावत आली. नंतर लवंग चघळायची. उपासना यायची असली की दोन लवंगा.

आणि याच चोरीच्या आड तिची दाढ किडली. खालची, डाव्या बाजूची. आधी गार पाणी झोंबायचं, मग रात्र रात्र ठणकायची, आणि मग एक दिवस आपोआप दुखायची थांबली. सोनुबाईला वाटलं, सुटलो. दाढेच्या आतली नस मेली म्हणून दुखणं थांबलंय, हे तिला कुठनं कळावं! थोड्या दिवसांनी हिरडीवर फोड आला आणि गाल सुजला.

पोटची पोर दातांची डॉक्टर. फोन उचलून "दाढ सुजलीया गं" म्हणायचं, एवढंच काम होतं. पण तोंड उघडलं की काळवंडलेले दात दिसणार, हिरड्या दिसणार, डोक्यावर हात ठेवून खोटं बोलल्याचं दिसणार. तिनं फोन केला नाही. पदरानं गाल झाकून ती बाजारातल्या मेडिकलात गेली आणि म्हणाली, "दाढेला कायतर द्या." दुकानदारानं कॅप्सूल दिल्या. दोन दिवसांत सूज बसली. बसली तशी सोनुबाईनं गोळ्या बंद केल्या आणि उरलेल्या डब्यात ठेवून दिल्या, पुढच्या वेळेला म्हणून.

पुढची वेळ आली. त्याच्या पुढचीही आली. आता तिला कॅप्सूलचं नाव पाठ झालं होतं. एका मेडिकलात सारखं गेलं तर कुणीतरी विचारेल, म्हणून ती दुकानं बदलायची. शेजारची मालुबाई एकदा गाल धरून आली, तेव्हा सोनुबाईनं डब्यातल्या गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या.

"उपासनानं दिल्यात व्हय?" मालुबाईनं विचारलं.

सोनुबाईनं व्हय म्हटलं नाही, पण न्हायही म्हटलं नाही. मालुबाईची सूज उतरली आणि गोष्ट वस्तीत पसरली. कुणाची दाढ ठणकली, कुणाच्या पोराच्या हिरडीतनं रक्त आलं, की माणसं सोनुबाईच्या दारात. ती द्यायची. कुणाला दोन, कुणाला चार. 'डॉक्टरणीच्या घरची गोळी' म्हणून लोक विश्वासानं घ्यायचे, आणि त्या विश्वासानं तिला बरंही वाटायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र वाटायचं, आपण काय करतोय हे पोरीला कळलं तर? पण सकाळ झाली की हे मागं पडायचं.

मग एक दिवस उपासनाचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "आई, पुढच्या महिन्यात आपल्या विहारात दातांचं तपासणी शिबिर घेतेय. फुकट. बायका तपासून घ्यायला लाजतात, म्हणून पहिल्यांदा खुर्चीवर तुला बसवणार. तुला बघून बाकीच्या येतील."

"बरं बरं," सोनुबाई म्हणाली. तिनं फोन ठेवला.

शिबिराच्या आधी दाढेचा निकाल लावायचा, असं तिनं ठरवलं. निपाणीत शक्यच नव्हतं. सगळे दातांचे डॉक्टर उपासनाला ओळखत होते. बेळगावचं तर नावच नको. म्हणून देवाप्पाला बहिणीकडं जाऊन येतो असं सांगून ती कागलच्या एसटीत बसली. कोगनोळीचा नाका मागं पडला आणि एसटी महाराष्ट्रात शिरली, तेव्हा तिनं पहिल्यांदा गालावरचा पदर सैल केला. इथं आपल्याला कोण ओळखतंय!

कागलात स्टँडजवळच एक दवाखाना दिसला. साईराज नावाचे तरुण डॉक्टर होते. त्यांनी नाव विचारलं तेव्हा तिच्या तोंडातनं "अंबुबाई" निघालं. का निघालं, तिचं तिला कळलं नाही. डॉक्टरांनी तोंडात बघितलं, मिश्रीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, मशीननं दाढेचा फोटो काढला आणि पडद्यावर दाढेच्या मुळाशी एक काळा डाग दाखवला.

"मावशी, इथं पू साठलाय. दाढ मेलीय. एकतर काढूया, न्हायतर मुळापासनं साफ करून वाचवता येती का बघूया."

"नको, नको. नुसत्या गोळ्या द्या. गोळीनं बसती."

"आजवर बसत आली ना? मग परत का येती?" डॉक्टरांनी खुर्ची सरळ केली. "हे बघा, गोळी पोटातनं रक्तात जाती आणि रक्ताबरोबर अंगभर फिरती. पण ह्या दाढेच्या आत आता रक्तच जात न्हाय. मग गोळी तिथं पोचणार कशी? वरची सूज उतरती, पण आतला जंतू जागच्या जागी. आणि अर्धवट गोळ्या खाल्ल्या की जंतूला त्या गोळीची सवय हुती."

"मग गोळी कवा देताय तुमी?"

"ताप असला, सूज जबड्याखाली नाहीतर मानेकडं उतरत असली, तोंड उघडंना, गिळायला येईना, तर द्यायची. शुगरसारखा दुसरा आजार असला तर जास्त सांभाळून बघायचं. पण तेव्हासुद्धा नुसती गोळी न्हाय. पू काढायचा, मूळ काढायचं आणि जोडीला गोळी. तुम्हाला ह्यातलं आत्ता काय न्हाय. अर्ध्या तासाचं काम हाय, भूल देऊन करतो. दुखणार न्हाय."

सोनुबाईनं मान हलवली. दाढ काढली तर खड्डा दिसणार. शिबिरात उपासना विचारणार, कुणी काढली, कधी काढली, मला का नाही सांगितलंस.

डॉक्टरांना वाटलं, बाई घाबरलीय. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "घरात कोण शिकलेलं हाय का? पोरगा, पोरगी? फोन लावून द्या, मी सांगतो त्यांना."

"कोण न्हाय," सोनुबाई म्हणाली.

"मुलंबाळं?"

"मला लेकरू न्हाय."

ती खुर्चीवरनं उतरायला लागली. डॉक्टरांनी हात दिला, तो तिनं घेतला नाही. बाहेर येऊन ती स्टँडवरच्या बाकावर बसली. शेजारची बाई नातवाला केळं सोलून देत होती. सोनुबाईच्या कानात आपलेच शब्द घोळत होते. जिच्या नावावर ती वस्तीत ताठ मानेनं चालत होती, जिच्यासाठी वखारीची धूळ खाल्ली होती, ती आपल्याला झालीच नाही, असं ती एका परक्या माणसाला सांगून आली होती. कशासाठी, तर एका दाढेसाठी. एसटी आली आणि गेली. ती उठलीच नाही. दुसरी आली तेव्हा तिनं आधी समोरच्या मेडिकलातनं त्याच कॅप्सूल घेतल्या आणि मग चढली.

यावेळी मात्र सूज बसली नाही. शिबिर तोंडावर आलं तशी ती गालावरनं खाली जबड्याकडं सरकली. अंगात कसकस भरली. देवाप्पा म्हणाला, "उपासनाला सांगू काय?" तर ती त्याच्यावर खेकसली, "उन्हाचं हाय. तिच्या कामात खोडा नको." शिबिराच्या सकाळी तिला घास गिळवेना. तरी डोक्यावरनं, गालावरनं पदर घट्ट ओढून ती विहारात गेली आणि थेट मागच्या बाजूला चहाच्या पातेल्याजवळ जाऊन बसली.

उपासनानं एक-दोनदा हाक मारली. सोनुबाईनं लांबनंच हात हलवला, आधी चहा होऊ दे. मग गर्दी वाढली. उपासनाबरोबर आलेली डॉक्टर मैत्रीण एका खुर्चीवर तपासत होती, उपासना दुसऱ्या. बायका लाजत, एकमेकींना ढकलत बसत होत्या. मालुबाईचा नंबर आला.

"मालुमावशी, ही दाढ कधीची सुजतीय?" उपासनानं विचारलं.

"लई दिस झालं. पर तुझ्या गोळीनं बसती बघ."

"माझ्या? मी कुठली गोळी दिली?"

"तुझी आई देती न्हवं! समद्यांस्नी देती. आमी म्हणतोय, डॉक्टरणीच्या घरची हाय."

आवाज मोठा होता. रांगेतल्या बायकांनी माना डोलावल्या, मला बी, मला बी दिलती. उपासनाच्या हातातला छोटा आरसा तसाच राहिला. तिच्या मैत्रिणीनं तिच्याकडं बघितलं आणि लगेच नजर खाली घातली. मग सगळ्या माना मागं वळल्या.

सोनुबाईला वाटलं, उकळत्या पातेल्यात तोंड घालावं. तिनं गाळणी उचलली आणि खाली मान घालून चहा गाळायला लागली. उपासना उठून तिच्याकडं आली. तिच्या चालण्यात राग होता, सोनुबाईला तो ओळखीचा होता. पण जवळ येऊन तिनं पदर बाजूला केला आणि राग तिथंच विरला. जबड्याखाली टणक, लालभडक सूज होती. उपासनानं कपाळाला हात लावला.

"आई, तोंड उघड."

तोंड बोटभरसुद्धा उघडेना.

"जीभ वर उचल. गिळता येतंय? श्वास नीट येतोय ना?"

सोनुबाईनं मान हलवली, कशाला व्हय आणि कशाला न्हाय ते तिचं तिलाच कळलं नाही. आजूबाजूला बायका जमल्या होत्या. कुणीतरी पुटपुटलं, "डॉक्टरच्या आईचंच असं." उपासनानं कुणाकडं बघितलं नाही. तिनं आईचा पदर उचलला, आपल्या हातानं पुन्हा तिच्या गालावरनं नीट ओढून घेतला आणि मैत्रिणीला म्हणाली, "तू बघ इथलं. मी हिला बेळगावला नेते. आत्ता."

गाडीत देवाप्पा मागं बसला होता. त्याचा हात बायकोच्या पाठीवर. उपासना विचारत होती. कुठल्या गोळ्या, कधीपासनं, किती घेतल्यास, मधेच सोडल्यास का. सोनुबाई दातांच्या फटीतनं एकेक शब्द काढत होती. प्रत्येक उत्तराबरोबर ती सीटवर आणखी आकसत होती. मिश्रीचं उपासनानं विचारलंच नाही. तिनं विचारावं, ओरडावं, एकदाचं होऊन जावं, असं सोनुबाईला वाटत राहिलं. पण पोरगी नुसती गाडी हाणत होती.

बेळगावच्या हॉस्पिटलात उपासनाला शिकवलेले सर होते. वयस्कर, कन्नड बोलणारे. ते वाकून म्हणाले, "बायि तेगीरि अम्मा." तोंड उघडा. आणि सोनुबाईला जेवढं उघडता आलं तेवढ्यातच त्यांना काय बघायचं ते दिसलं. त्यांनी उपासनाकडं बघितलं. त्या नजरेत दोष देणं नव्हतं, पण उपासनाची मान खाली गेली. आपल्यामुळं लेकीची मान तिच्या गुरूपुढं खाली गेली, हे सोनुबाईनं बघितलं, आणि जबड्याच्या ठणक्यापेक्षा ते जास्त लागलं.

तिला ताबडतोब दाखल केलं. शिरेतनं अँटिबायोटिक सुरू झालं. उपासनानं उशाशी बसून सांगितलं, "आता खरी ह्या औषधाची गरज हाय, आई. विष मानेकडं उतरायला लागलंय. पण नुसत्या औषधानं भागणार नाही." त्याच दिवशी जबड्याखाली चीर देऊन पू काढला, दाढ काढली, आणि जखमेत रबराची छोटी नळी ठेवली, राहिलेली घाण वाहून जायला. पुवाचा नमुना तपासणीला गेला. रिपोर्ट आला तेव्हा कळलं, नेहमीच्या कॅप्सूलला आतले जंतू दादच देत नव्हते. सरांनी औषध बदललं आणि मग ताप उतरत गेला.

ताप उतरल्यावर एका दुपारी वॉर्डात दोघीच होत्या. उपासना संत्र्याचा रस चमच्यानं भरवत होती. भरवता भरवता ती थांबली.

"आई, मला माहीत होतं."

"काय?"

"तुझ्या तोंडाला वास यायचा. लवंगेच्या आडनं यायचा. मी दिवसभर लोकांच्या तोंडात बघते, मला कळणार नाही? मला वाटायचं, विचारलं तर तुला लाज वाटेल. म्हणून मी तोंड फिरवायचे. दुसऱ्या कुठल्या बाईचं असं सोडलं नसतं मी."

सोनुबाईला हे सोसलं नाही. ओरडली असती तर सोसलं असतं. पोरगी आपल्या चुकीतला वाटा मागून घेत होती आणि खरी चूक तर तिला ठाऊकच नव्हती. सोनुबाई न सांगता घरी गेली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिनं पुढं आलेला चमचा हातानं बाजूला सारला.

"उपा, मी कागलला गेलतो. तिथल्या डॉक्टरकडं."

"बरं झालं की. काय म्हणाले?"

"काढा म्हणले. गोळी न्हाय दिली. त्येनं इचारलं, लेकरं हायत का. मी म्हटलं..." पट्टीच्या कडेनं डोळ्यांतलं पाणी ओघळायला लागलं. "मी म्हटलं, मला लेकरू न्हाय."

उपासनानं चमचा वाटीत ठेवला. उठली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली रिक्षांचे हॉर्न वाजत होते. मग ती बाहेर निघून गेली आणि अंधार पडेपर्यंत आली नाही.

सोनुबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. नर्स ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. पण कॉटशेजारी पावलं वाजली ती ओळखीची होती. उपासना नर्सला म्हणाली, "ठेवा, मी करते." तिनं हातमोजे घातले, पट्टी सोडली, जखम धुतली, हळूहळू नळी फिरवून बघितली. सोनुबाईनं डोळे उघडले तेव्हा लेकीचे डोळे सुजलेले दिसले.

"दुखतंय?" उपासनानं विचारलं.

"न्हाय."

"दुखत असलं तर दुखतंय म्हण, आई. आता तरी."

"दुखतंय," सोनुबाई म्हणाली.

घरी आल्यावर वस्तीतली माणसं बघायला आली. सोनुबाईनं त्यांना बसवून घेतलं आणि पदर न घेता, जबड्याखालची शिवण दाखवत सांगितलं की गोळ्या उपासनाच्या नव्हत्या, मेडिकलातल्या होत्या, आणि मी कुणाला सांगितलं नाही ही माझी चूक. सांगताना तिचे कान तापले होते. काहीजण "असू दे की" म्हणाले. एक-दोघी त्यानंतर तिच्याकडं यायच्या बंद झाल्या. मालुबाईला तिनं दुसऱ्याच आठवड्यात स्वतः खासबागेच्या दवाखान्यात नेलं आणि दाढ निघेपर्यंत तिचा हात धरून बसली. मिश्री अजून पुरती सुटलेली नाही, पण आता न्हाणीचं दार उघडं असतं आणि उपासनानं फोनवर विचारलं की ती खरं ते सांगते.

कागलचं मात्र तिनं देवाप्पालासुद्धा सांगितलेलं नाही. उपासनानंही तो विषय पुन्हा काढला नाही. रोज रात्री फोन येतो, जेवलीस का, पाणी किती प्यालीस, सगळं विचारून होतं. कधीकधी बोलता बोलता पोरगी मधेच गप्प होते. रेंज गेली असेल, कामात असेल. पण सोनुबाईला वाटतं, तिला तेच आठवलं असणार. मग ती फोन कानाला तसाच धरून, पलीकडनं आवाज येईपर्यंत थांबून राहते.